दुसऱ्याच्या लेकराला आपला देव सांगावा का?

राजारामपुरीची काकू

राजारामपुरीत मी घरीच पाळणाघर चालवते, त्याला आता एकवीस वर्षं झाली. सध्या नऊ मुलं आहेत. आईवडील कुणी शिरोलीच्या फौंड्रीत, कुणी बँकेत, कुणी दवाखान्यात. शेवटचं मूल जायला सात-साडेसात वाजतात, म्हणजे त्यांची दिवेलागण रोज माझ्याच घरात होते. मी देवापुढं निरांजन लावते, मुलं चटईवर बसतात, आम्ही शुभं करोति म्हणतो, मग कुरमुऱ्याचा चिवडा. इतक्या वर्षांत कुणी हरकत घेतली नाही. उलट आयाच म्हणायच्या, काकू, आमच्यानं होत नाही, तुमच्यामुळं पोरांच्या कानावर पडतं.

दोन वर्षांपासून एक मुलगी येते, आता सहा वर्षांची आहे. तिचे आईवडील देव मानत नाहीत. पहिल्याच दिवशी तिच्या आईनं सांगितलं होतं, "आमच्या घरी देव्हारा नाही, पण तुमचं घर तुमच्या रीतीनं चालू दे, आमचं काही म्हणणं नाही." माणसं फार चांगली. मला ताप आला तेव्हा तिचे वडील रात्री गोळ्या आणून देऊन गेले होते.

श्रावणात त्या मुलीची आजी गेली. आईची आई, त्यांच्याकडंच राहायची. तिनं देहदानाचा फॉर्म भरून ठेवला होता, त्याप्रमाणे त्यांनी देह मेडिकल कॉलेजला दिला. आठवड्यानं पोर परत यायला लागली. एका दुपारी सगळी झोपलेली, ही जागी. माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "काकू, आजी कॉलेजला गेलीय. शिकायला आलेल्या डॉक्टरांना तिचा उपयोग होणार आहे. पण सुट्टीत घरी का येत नाही?"

माझ्या पोटात कालवलं. मी म्हटलं, "बाळा, आजी देवाघरी गेली. तिची चांदणी झाली. ती वरून तुझ्याकडं बघत असते." तिनं विचारलं, "सारखी?" मी म्हटलं, "सारखी."

पंधरा दिवसांनी तिची आई एकटीच आली. पोरगी खिडकी लावल्याशिवाय कपडे बदलत नाही. रात्री उकाड्यातही चादर तोंडावर ओढून घेते. वहीचं पान फाटलं तर ते पलंगाखाली नेऊन ठेवलं, आजीला दिसू नये म्हणून. चार दिवस घरच्यांना काही कळेना. शेवटी पोरगीच रडत बोलली, "आजी वरून सारखी बघते, काकूंनी सांगितलं."

ती बाई माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "काकू, तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. तुमचा विश्वास आहे. पण ती माझी आई होती. तिच्याबद्दल माझ्या लेकीला काय सांगायचं, हे मला आधी विचारायला हवं होतं." मी चहा टाकला, तो तिनं घेतला, आणि दोघी गप्प बसून राहिलो.

यात माझी चूक आहे हे मला कळतंय. आणखी एक गोष्ट सांगते, म्हणजे मला एवढं का लागलंय ते तुम्हाला कळेल. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत एका संस्कार शिबिरात गेला होता. आमच्याच धर्माचं, ओळखीच्या लोकांनी चालवलेलं. सूर्यनमस्कार, श्लोक, गोष्टी. मी आनंदानं पाठवला. पुढच्या रविवारी हे नेहमीप्रमाणे सकाळी रांगेत थांबून मटण घेऊन आले. कोल्हापुरात रविवार म्हणजे दुसरं काय असतं? ताटं वाढली आणि पोरगं भिंतीला पाठ लावून बसलं. जेवेना. विचारून विचारून दमलो तेव्हा म्हणालं, "बाबा नरकात जाणार. तिथं तेलात तळतात. शिबिरात चित्र दाखवलंय." यांनी ताट बाजूला सारलं आणि अंगणात जाऊन बसले. वारकऱ्याच्या घरची माळ मी बघितलेली आहे, न खाणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण माझ्या पोराला त्याच्या बापाची भीती नाही, बापासाठी भीती घातली होती, आणि ती आम्हाला न विचारता. तो राग माझ्या मनात अजून आहे. आणि आता तेच मी दुसऱ्याच्या पोरीला केलं, फक्त नरकाऐवजी चांदणी दाखवली.

तर मला विचारायचंय ते हे. दिवेलागण बंद करू का? नवरात्र जवळ आलंय. दरवर्षी मी मुलांना अंबाबाईनं मारलेल्या कोल्हासुर राक्षसाची आणि तिच्या बहिणीची, त्र्यंबोलीची गोष्ट सांगते, ललितापंचमीला जमलं तर टेंबलाईला, म्हणजे त्र्यंबोलीच्या टेकडीवरच्या देवळात नेते. ते करू का? आणि पुढं कुणी लेकरानं मरणाबद्दल, देवाबद्दल विचारलं तर काय बोलू? गप्प बसणं मला जमणार नाही, आणि पोराला ते बरंही नाही.

---

पेन्शनर गुरुजी

बाई, पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, म्हणून थोडं लिहितो.

कायद्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात शहाणपण आहे. घटनेच्या २८व्या कलमात म्हटलंय की जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते तिथं धर्मशिक्षण द्यायचं नाही. आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण वा उपासना असेल, तर मुलाला त्यात बसायची सक्ती करायची नाही. मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल तर पालकाची संमती लागते. तुमचं पाळणाघर शाळा नाही, तुम्हाला हे कलम लागू होत नाही. पण ते लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट ओळखली होती. वर्गातलं मूल उठून जाऊ शकत नाही. मोठा माणूस कीर्तन आवडलं नाही तर चप्पल घालून निघतो. सहा वर्षांची पोर तुमच्या चटईवरून उठून कुठं जाणार? आई सातला येणार असते.

मी स्वतः मराठा बोर्डिंगात, म्हणजे वसतिगृहात राहून शिकलो. शाहू महाराजांनी १९०१ साली ते काढलं, त्याच साली जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, पुढं आणखी कितीतरी. वेगवेगळ्या जातीधर्मांची बोर्डिंगं काढली म्हणून लोक आज नावं ठेवतात. मला त्यात दुसरंही दिसतं. खेड्यातला बाप पोराला शहरात धाडताना दोन गोष्टींना भ्यायचा, पोर उपाशी राहील आणि पोर आपलं राहणार नाही. पोटाची आणि घरच्या रीतीची, दोन्हींची हमी मिळाली तेव्हा पोरं शिकायला बाहेर पडली, आणि शाळेत एका बाकावर बसली. पालकाचा भरवसा आधी, मग बाकीचं.

तुमच्याकडं मूल ठेवणाऱ्यानं तुमच्यावर असाच भरवसा टाकलाय. शुभं करोति चालू ठेवा असं माझं मत, पण प्रत्येक घराला विचारून. ज्यांना नको त्यांच्या मुलाला त्या वेळी दुसरं काही काम द्या, आणि ते शिक्षा वाटणार नाही असं द्या. मी एका पोराला रोज प्रार्थनेच्या वेळी घंटेजवळ उभं करायचो. त्याला वाटायचं आपण मानकरी.

---

कुरुंदवाडची लेक

काकू, मी मुसलमान आहे, माहेर कुरुंदवाड, आता कोल्हापुरात. आमच्या गावात मशिदीत गणपती बसतो हे तुम्ही ऐकलं असेल. २०१८ आणि २०१९ ला मोहरम आणि गणपती एकत्र आले तेव्हा एकाच छताखाली पंजे आणि मूर्ती होती. एका बाजूला मोहरमचे गोड चोंगे, एका बाजूला मोदक. मी त्यातच वाढले. त्यामुळं दुसऱ्याचा देव बघितला की मूल बिघडतं असं मला कधी वाटलं नाही.

माझा मुलगा शेजारच्या गौरीला जातो, आरतीला टाळ वाजवतो. कोल्हापुरात मोहरमला पंजे बघायला सगळ्या जातीची माणसं येतात, त्यांची मुलंही. बघणं, खाणं, ऐकणं यात मला कधी अडचण आली नाही. एकदाच आली. शिकवणीच्या बाईंनी परीक्षेच्या आधी सगळ्या मुलांकडून देवापुढं नवस बोलून घेतला, आणि माझ्या मुलाला म्हणाल्या, "घरी सांगू नको, आई रागावेल." मला नवसाचं काही वाटलं नाही, खरंच सांगते. "घरी सांगू नको" हे लागलं. आठ वर्षांच्या पोराला त्यांनी माझ्यापासून लपवायला शिकवलं. दोन दिवस ते माझ्याकडं बघत नव्हतं.

तुम्ही लपवलं नाही. तुम्हाला कळवळा आला आणि तोंडातून निघून गेलं. हा फरक मोठा आहे.

उलटं मलाही झालंय. शेजारची छोटी एकदा रोजाच्या दिवशी माझ्याजवळ बसून म्हणाली, "चाची, मी पाणी पिते म्हणून तुमचा अल्ला मला मारेल का?" मी म्हटलं, "नाही गं, हा उपवास मी धरलाय, तू नाही. तू पाणी पी." तेवढंच. आणखी खूप सांगता आलं असतं, आणि तिनं ऐकलंही असतं, तोंड उघडं ठेवून बसली होती. पण संध्याकाळी तिच्या आईला दारात गाठून सांगितलं, हिनं असं विचारलं आणि मी असं सांगितलं. मी तेवढा एक नियम पाळते. दुसऱ्याच्या मुलाशी देवाबद्दल जे बोलले ते त्याच दिवशी त्याच्या आईला सांगायचं. तिला सांगायला जीभ रेटत नसेल, तर मुलालाही सांगायचं नाही.

---

करवीरनिवासी

मला वरचं सगळं पटत नाही, आणि मी स्पष्ट लिहितो. शुभं करोति हा धर्मप्रचार नाही. दिव्याला नमस्कार, आरोग्य आणि धनसंपदा मागणं, वैरबुद्धी जाऊ दे म्हणणं, यात कुणाचं काय वाईट आहे? आपल्या आज्यांनी शेजारपाजारच्या पोरांना एका चटईवर बसवून पाढे आणि श्लोक शिकवले. त्यांनी कुणाकडून सह्या घेतल्या नव्हत्या. प्रत्येक वाक्याला परवानगी मागायची म्हटलं तर वाड्यातली, गल्लीतली ती माया उरणार कशी? काकूंनी रडणाऱ्या पोरीला जवळ घेतलं. त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. आणि अंबाबाईची गोष्ट कोल्हापूरच्या मुलाला सांगायची नाही, तर काय सांगायचं? गावाचं नावच त्या गोष्टीतून आलंय असं आपण मानतो.

---

राजारामपुरीची काकू

करवीरनिवासी, तुम्ही माझ्या बाजूनं बोललात, मनापासून बरं वाटलं. पण आज्यांच्या चटईवर सगळी एकाच रीतीची पोरं असायची. सगळ्यांच्या घरी तोच दिवा, तोच श्लोक. आज्या जे सांगायच्या ते पोरं घरी जाऊन म्हणाली तर घरच्यांना कौतुक वाटायचं. माझ्या चटईवर आज एक जैन आहे, एक ख्रिश्चन, ही मुलगी, बाकीची आपल्यातली, आणि त्यातही कुणाच्या घरी खंडोबा, कुणाच्या घरी बुद्ध. आणि त्यांच्या आया मला पैसे देतात. शेजारधर्मानं सांभाळणं वेगळं आणि हे वेगळं.

पोरगी रडत नव्हती, हेही सांगायला हवं. तिनं साधा प्रश्न विचारला होता. रडू मला आलं होतं. ती चांदणी मी माझ्यासाठी काढली असं आता वाटतं. माझी आई गेली तेव्हा मला कुणीतरी तसंच सांगितलं होतं आणि मी त्यावर दिवस काढले.

---

फौंड्रीवाला

मी देव न मानणारा बाप आहे, त्या मुलीच्या वडिलांसारखा. म्हणून माझ्या बाजूचंही सांगतो, कारण हा दोष फक्त श्रद्धाळूंचा नाही.

चार वर्षांपूर्वी विसर्जनाच्या दिवशी आमच्या गल्लीतला पाच-सहा वर्षांचा मुलगा पंचगंगेच्या घाटावर रडत होता, बाप्पा बुडणार म्हणून. मी त्याला उचलून घेतलं आणि समजावलं, "अरे ती माती आहे, देव-बिव काही नसतो, रडू नको." मला वाटलं मी त्याचं दुःख हलकं केलं. त्या पोरानं घरी जाऊन आजीला सांगितलं, देव नसतो, तू रोज खोटं बोलतेस. त्या आजीनं आठ दिवस पूजा केली नाही. नंतर मला रस्त्यात भेटली आणि म्हणाली, "बाबा, तुला काय मानायचं ते मान. माझ्या नातवाच्या तोंडून मला का मारलंस?" मी तेव्हा वादाला उभा राहिलो, खरं तेच सांगितलं म्हणून. घरी गेल्यावर झोप लागली नाही.

माझं म्हणणं खरं आहे असं मला आजही वाटतं. पण ते खरं मोठ्या माणसांशी बोलायचं, त्यांना उलट बोलता येतं. पोराच्या हाती देऊन त्याच्या घरात पाठवायचं नाही. मुलानं आपणहून विचारलं तर आता मी म्हणतो, "मला वाटतं नसतो. तुझ्या आजीला वाटतं असतो. तू मोठा झालास की बघ." हे म्हणताना पोटात ओढ लागते, दोन वाक्यं जास्त बोलावीशी वाटतात. तुम्हालाही लागत असेल, काकू.

---

बालवाडी ताई

मी बालवाडीत शिकवते, मरणाच्या प्रश्नापुरतं सांगते. साधारण पाच ते सात या वयात मुलांना हळूहळू कळायला लागतं की गेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर चालत नाही, ते बघत-ऐकत नाही. त्याआधी ती शब्द जसेच्या तसे धरतात. "झोपली" म्हटलं तर झोपायला घाबरतात. "गावाला गेली" म्हटलं तर दारात वाट बघतात. "कॉलेजला गेली" म्हटलं तर सुट्टीची वाट बघतात. काकू, म्हणजे पहिला गोंधळ तुम्ही घातलेला नाही. घरचं उत्तर खरंच होतं, पण अर्धंच पोचलं होतं. आजी मेली, तिचं शरीर थांबलं, म्हणून ती येणार नाही, हा तुकडा राहून गेला. त्या जागेत तुमची चांदणी बसली, आणि "सारखी बघते" हेही पोरीनं शब्दशः घेतलं.

असा प्रश्न आला की आधी उलट विचारायचं, "तुला काय वाटतं? घरी काय सांगितलंय?" निम्म्या वेळा मुलाला उत्तर नकोच असतं, जवळ बसायला माणूस हवं असतं.

मुलाच्या बाजूनंही एक. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात, जो भारतानं १९९२ साली मान्य केला, त्याच्या १४व्या कलमात मुलाला स्वतःचा विचार आणि धर्म यांचं स्वातंत्र्य मानलंय, आणि आईवडिलांनी त्याच्या वाढत्या समजेप्रमाणे त्याला दिशा द्यावी असं म्हटलंय. आईवडिलांनाही तिथं मालक म्हटलेलं नाही. त्यामुळं उद्या हीच मुलगी दहा-बारा वर्षांची होऊन तुमच्या देव्हाऱ्याबद्दल विचारायला लागली, तर तिला हाकलू नका. तेव्हा तिचा प्रश्न तिचा असेल.

---

राजारामपुरीची काकू

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे उपकार.

सगळ्या घरांना विचारलं. फोनवर नाही, पोरं न्यायला येतात तेव्हा उंबऱ्यात, एकेकाला. अवघड गेलं. एकवीस वर्षं न विचारलेलं विचारायचं म्हणजे कबुलीच ती. सात घरं म्हणाली, म्हणू दे श्लोक. ख्रिश्चन मुलाची आई थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "बसू दे, पण हात जोडायला लावू नका." ती दोन वर्षं हे मनात ठेवून होती. मी कधी विचारलंच नाही म्हणून बोलली नव्हती. याचं मला त्या चांदणीइतकंच वाईट वाटलं. दिव्याच्या वेळी आता तो आणि ती मुलगी स्वयंपाकघरात चिवड्याच्या वाट्या मांडतात. गुरुजी, तुमच्या घंटेचा उपयोग झाला. बाकीची पोरं आता वाट्या मांडायला भांडतात.

मुलीच्या आईला मी म्हटलं, जे बिघडवलं ते तुमच्यासमोरच नीट करते. आम्ही दोघी तिला घेऊन बसलो. आईनं आधी सांगितलं, की आजी मेली, तिचं शरीर थांबलं, आता ती बघू शकत नाही, ऐकू शकत नाही, आणि येणार नाही. पोरगी खूप रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली असं आई म्हणाली. मग मी सांगितलं, "चांदणीचं मी बोलले ते माझ्या आईबद्दल मला वाटतं ते होतं. तुझी आजी तुझ्यावर पहारा करत नाही." ती म्हणाली, "तुमची आई बघते का तुम्हाला?" मी तिच्या आईकडं बघितलं. तिनं मान हलवली, बोला म्हणून. मी म्हटलं, "मला तसं वाटतं." "मग तुम्ही खिडकी लावता का?" मी म्हटलं, नाही लावत.

ललितापंचमीला सगळ्यांना टेंबलाईला नेलं नाही, गर्दी फार असते आणि विचारायला वेळही नव्हता. घरीच गोष्ट सांगितली. या वेळी सुरुवात "कोल्हापुरात लोक अशी गोष्ट सांगतात" अशी केली. कोल्हासुर मरताना म्हणाला, गावाला माझं नाव राहू दे. त्र्यंबोली रुसून टेकडीवर जाऊन बसली, कारण विजयाच्या सोहळ्याला तिला बोलवायचं राहिलं. मग अंबाबाई स्वतः तिच्या भेटीला गेली, म्हणून दरवर्षी पालखी तिकडं जाते आणि कोहळा फोडतात. मी लहान असल्यापासून ही गोष्ट ऐकतेय, पण या वेळी सांगताना माझं मन राक्षसाच्या वधापाशी थांबलंच नाही. ज्या बहिणीला विचारायचं राहून गेलं तिच्यापाशी थांबलं.

त्या मुलीनं विचारलं, "हे खरं आहे?" मी म्हटलं, "मी मानते. तुझ्या आईला काय वाटतं ते घरी विचार." संध्याकाळी आई दारात आल्या आल्या, चपला घालायच्या आधीच तिनं विचारलं. दोघी बोलत बोलत जिना उतरल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

परवा रात्री तिच्या आईचा मेसेज आला. पोरीनं आज खिडकी उघडी ठेवून फ्रॉक बदलला.